अँथनीचं दुसरं ताट

"मला तुझ्या बापाशेजारी पुरलंस तर याद राख," आई म्हणाली. "जन्मभर त्याचं घोरणं ऐकलं. आता पुरे झालं."

आईला ब्याण्णव पूर्ण झाली होती आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. तिला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजच काय? खिडकीजवळच्या पलंगावर पडल्या पडल्या ती स्वतःच्या मयताची तयारी अशी करत होती, जशा बाकीच्या बायका लूर्दच्या यात्रेची करतात. अंगावर निळा ड्रेस घालायचा. हातात चांदीची जपमाळ, प्लॅस्टिकची नाही. मयताला येणाऱ्यांना हॅमचे सँडविच द्यायचे, अंड्याचे नकोत, घरभर वास येतो. आणि पुरायचं ते किल्व्हाराला, तिच्या वडिलांपाशी.

"बाबांपाशी," ती पुन्हा म्हणाली. "ऐकलंस ना, अट्रॅक्टा? ऐकून न ऐकल्यासारखं करू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे."

मी काय सदुसष्ट वर्षांची घोडी, पण आईसमोर अजून शाळेतलीच. "ऐकलं गं बाई," म्हटलं, आणि उशी सारखी केली.

मग तिला तिच्या बाबांची आठवण आली आणि तिनं ताटाची गोष्ट काढली. आमच्या घरात ती गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे, की कुणी 'ताट' म्हटलं तरी आम्ही हसतो. नोव्हेंबरात मृतात्म्यांच्या दिवशी आमच्याकडे, आयर्लंडच्या खेड्यांत, दाराची कडी काढून ठेवतात आणि घरातल्या गेलेल्यांसाठी चुलीपाशी ताटं वाढून ठेवतात. आईची आजी, ऑनर तिचं नाव, ती ताटं मांडताना नावं घ्यायची. हे माझ्या आईचं. हे बापाचं. हे अँथनीचं. आणि अँथनी, म्हणजे आईचे वडील, तेव्हा सहा-सात वर्षांचं पोर, तिथेच बाकावर बटाटे खात बसलेलं!

"बाबा ओरडायचे, 'मम्मी, मी इथे आहे की! मी मेलो नाही!'" आई हसता हसता खोकली. "आणि आजी म्हणायची, 'तू जेव. हे ठेवायचंय.' सकाळी उठून ते दुसरं ताटही बाबाच खायचे. म्हणायचे, सगळ्या गावात दोन ताटं मिळणारा मी एकटा. इतका जीव होता आजीचा त्यांच्यावर. जरा वेंधळी होती, पण जीव होता."

मी हसले. नेहमीच हसायचे.

आता किल्व्हाराचं सांगते. ती दफनभूमी जुनी, समुद्राला लागून, कौन्सिलनं केव्हाच बंद केलेली. तिथे ज्यांचं घराण्याचं थडगं आहे त्यांनाच जागा, आणि तीही घराण्यातल्या वडीलधाऱ्यानं हो म्हटलं तर. बाकी सगळे जातात फुटबॉलच्या मैदानामागच्या नव्या दफनभूमीत, जिथे माझे वडील पहुडलेत आणि, आईच्या मते, अजून घोरताहेत. आईचं माहेर कॅफर्की. किल्व्हाराला कॅफर्कींचं थडगं आहे. दगडावर कुणाचं वेगळं नाव नाही, नुसतं 'कॅफर्की'. नावागणिक कोरून घ्यायला पैसे होते कुणाकडे? खाली खडक आहे आणि आता तिथे एकाच शवपेटीची जागा उरली आहे. आणि कॅफर्की नाव लावणाऱ्यांत आता वडीलधारा म्हणजे मर्टा.

मर्टा हा आईचा चुलत भाऊ. आईचे वडील अँथनी आणि मर्टाचे वडील पीटर हे भाऊ. मर्टा एकोणऐंशीचा, एकटा राहतो, हात कुदळीसारखे आणि बोलणं मोजकं. त्याची बायको कार्मेल तीन वर्षांपूर्वी गेली. तिला किल्व्हाराला पुरलं तेव्हापासून तो रोज तिथे जातो आणि भिंतीवर बसून तिला बातम्या सांगतो. मी स्वतः ऐकलंय. दुधाला काय भाव मिळाला, कोण आजारी पडलं, कोण पडणार आहे.

मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो ब्रेड कापत होता.

"मर्टामामा, आई आता फार दिवसांची सोबती नाही."

"ठाऊक आहे. रविवारी मेणबत्ती लावली तिच्या नावानं."

"तिला किल्व्हाराला जायचंय. वडिलांपाशी."

त्यानं सुरी खाली ठेवली. "तिथे एकच जागा आहे, अट्रॅक्टा. कार्मेलशेजारी. ती माझी."

"तुम्ही काय आज मरताय? बैलासारखे तर आहात."

"मरेन तेव्हा कुठे जाऊ? नव्या दफनभूमीत? फुटबॉलवाल्यांच्या बोंबा ऐकत?"

"मग जाळून घ्या की. डबीत भरून कार्मेलमामीच्या उशाशी ठेवता येतं म्हणे. जागा लागत नाही."

मी चेष्टेत म्हटलं, पण त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. आमच्या गावात अजून कुणी स्वतःला जाळून घेतलेलं नाही. खाटकाच्या भावाची राख इंग्लंडहून आली तेव्हा लोक महिनाभर कुजबुजत होते. "मी काय कोंबडी आहे भाजायला?" मर्टा म्हणाला. "येशू उठवेल तेव्हा मी अख्खा उठणार. कार्मेलच्या शेजारून."

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हक्काचं बोलायचं तर आई तुमच्यापेक्षा मोठी. तिचा बाप तिथे, आजी-आजोबा तिथे. कार्मेल तर लग्न करून आलेली. तेव्हा आधी मान आईचा.

त्यानं ब्रेडचे तुकडे एकावर एक रचले. मग टेबलाकडे बघत म्हणाला, "तसं असेल तर मलाही बोलावं लागेल. माझा बाप प्यायला की म्हणायचा, 'तो अँथनी नव्हेच.'"

"कोण?"

"तुझा आजोबा. 'तो अँथनी नव्हे, तो आपल्यातला नव्हे.' एवढंच. शुद्धीत असताना विचारलं की मारायला धावायचा."

"अँथनी नव्हे तर कोण होता? पोप?" मी खुर्ची अशी सरकवली की त्याचा कुत्रा बाहेर पळाला. "दारुड्याच्या बडबडीवर माझ्या आईला वाटेवर टाकता? लाज नाही वाटत? उद्या कागद आणून तोंडावर मारते तुमच्या!"

ब्रोना ही माझ्या भावाची मुलगी. गॉल्वेला बँकेत असते, आजीसाठी सुट्टी काढून आली होती. तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं आत्या, जुन्या खानेसुमारीचे सगळे कागद आता कम्प्युटरवर आहेत. फुकट. घरागणिक, माणसागणिक. ज्या कागदावर त्यांनी लिहून दिलं त्याचा फोटोसुद्धा."

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. तिनं जिल्हा निवडला, मग गाव, मग वाडी, आणि एकोणीसशे एकचं साल. आणि काय सांगू, आमची सगळी वाडी पडद्यावर उभी राहिली. जी घरं आता नुसती दगडांचे ढीग आहेत, त्यांत माणसं. कोण किती वर्षांचा, कुणाला वाचता येतं, कोण आयरिश बोलतं. सातवं घर कॅफर्कींचं. मायकेल, घराचा कर्ता, वय पन्नास, वाचता येत नाही. ऑनर, बायको, वय चव्वेचाळीस. मग पोरांची रांग, आणि शेवटी: अँथनी, मुलगा, वय तीन. पीटर, मुलगा, वय एक.

"मुलगा!" मी टेबलावर हात आपटला. "वाच, वाच! अँथनी, मुलगा!"

आमची माणसं वय सांगायची ती अंदाजानं. जन्मतारीख कुणाला ठाऊक असायची? आजोबांचं वय मला पक्कं कधीच कळलं नव्हतं. तेव्हा तीन तर तीन. मी ब्रोनाला तो कागद छापून आणायला लावला आणि दुसऱ्या दिवशी दुकानात मर्टा दिसला तशी मी थांबले नाही. दोन-चार माणसं होती, असू देत म्हटलं. कागद त्याच्या नाकासमोर धरला.

"वाचा. मोठ्यानं वाचा."

त्यानं चष्मा काढला, पुसला, लावला. ओठ हलवत वाचलं. दुकानदारीणबाई मान लांब करून ऐकत होती.

"अँथनी. मुलगा," तो म्हणाला.

"तुमच्या बापाच्या वरच्या ओळीत. आता बोला."

मला वाटलं भांडेल. मर्टा भांडला नाही. कागदाची नीट घडी घालून त्यानं मला परत दिला. "कागद आहे तर आहे," तो म्हणाला. "मी माझ्या चुलत्याला उगाच नावं ठेवली. तुझ्या आईला, डिलियाला सांग, जागा तिची." आणि पाव तसाच काउंटरवर ठेवून तो निघून गेला.

मी जिंकले होते. आईला सांगितलं तर ती लहान पोरीसारखी हसली आणि माझा हात गालाला लावून धरला. अशी ती माझ्याशी कधी वागलीच नाही जन्मात. "आता मी निवांत जाईन," म्हणाली. "मर्टा भला माणूस आहे गं. बापासारखा नाही."

संध्याकाळी किल्व्हाराच्या रस्त्यानं गेले. भिंतीवर मर्टा बसला होता. त्या दिवशी तो बातम्या सांगत नव्हता. टोपी हातात घेऊन नुसता बसला होता.

आणि मग ब्रोनाला सुचलं, की आजीच्या मयताला ठेवायला घराण्याचा सगळा इतिहास एका मोठ्या पुठ्ठ्यावर सजवून चिकटवू या. हौस! एकोणीसशे अकराचा कागदही काढला तिनं. मी बटाटे सोलत होते.

"आत्या, हे बघ किती मजा. खापरपणजोबा मायकेल दहा वर्षांत अठरा वर्षांनी म्हातारे झाले. तेव्हा पन्नास आणि आता अडुसष्ट."

"त्यात काय मजा? तेव्हा सत्तरीला पेन्शन सुरू झालं होतं. सगळं आयर्लंड एका रात्रीत म्हातारं झालं. तुझ्या खापरपणजोबांनी लाज राखून अडुसष्टच सांगितलं."

ब्रोना हसली. मग पुन्हा पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "म्हातारी माणसं पेन्शनसाठी मोठी होतात, ते कळलं. पण पोरं लहान का होतात?"

मी सुरी ठेवून तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

पीटर तेव्हा एक वर्षाचा होता, तो आता अकराचा. बरोबर. अँथनी तेव्हा तीनचा होता. आता तो तेरा-चौदाचा हवा. कागदावर होतं: अँथनी, वय सहा. पीटरच्या खालच्या ओळीत.

"चुकून लिहिलं असेल," मी म्हटलं.

"कागदाचा फोटो उघडते," ती म्हणाली.

तो अक्षरांचा फोटो मी अजून डोळ्यांसमोरून हलवू शकत नाही. मायकेलला लिहिता येत नव्हतं, त्याच्या सहीच्या जागी फुली आहे. गावातला पोलीस शिपाई घरी येऊन त्यानं सांगितलं तसं लिहून घ्यायचा. अँथनीच्या नावापुढे, नात्याच्या रकान्यात, शिपायानं आधी लिहिलं होतं 'मुलगा'. मग त्यावर आडवी रेघ. आणि वर, बारीक अक्षरात: 'पोसायला दिलेलं मूल'. जन्मस्थळाच्या रकान्यात: ठाऊक नाही.

"म्हणजे?" ब्रोना म्हणाली. पण तिला कळलं होतं.

निराधारांसाठीच्या सरकारी गरीबखान्यात बायका बाळंत व्हायच्या, नवरा नसलेल्या, घरानं हाकललेल्या. ती पोरं सरकार खेड्यापाड्यांत पोसायला द्यायचं. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फक्त ते नेहमी दुसऱ्याच्या घराबद्दल ठाऊक असतं.

ऑनरच्या ओळीत आणखी दोन आकडे होते. त्या वर्षी लग्न झालेल्या बायकांना सरकारनं विचारलं होतं. जन्मलेली मुलं: आठ. हयात: सात.

आमच्याकडे पोर गेलं की पुढच्याला तेच नाव द्यायची रीत होती. नाव रिकामं ठेवायचं नाही. बापाच्या बापाचं नाव असेल तर मुळीच नाही. मी स्वतः माझ्या आधी गेलेल्या बहिणीचं नाव वापरते आहे. पण ऑनर तेव्हा पन्नाशीकडे झुकलेली, तिला पुढचं कुठून होणार? म्हणून तिनं गरीबखान्यातून आणलं. आणि त्याला मेलेल्या पोराचं नाव दिलं.

हे अँथनीचं.

मम्मी, मी इथे आहे की. तू जेव. हे ठेवायचंय. ते ताट आजोबांचं नव्हतंच. पन्नास वर्षं आम्ही हसलो त्या गोष्टीवर! ख्रिसमसला, लग्नात, वाढदिवसाला. आणि ते पोर दर वर्षी बाकावरून ओरडायचं की मी मेलो नाही, आणि ती माउली त्याच्या डोक्यावरून चुलीकडे बघत असेल. सकाळी ते मेलेल्याच्या वाट्याचंही खायचं आणि समजायचं, आपल्यावर आईचा दुप्पट जीव आहे.

"आत्या, रडू नको ना," ब्रोना म्हणाली. मग हळूच, "बंद करते मी हे. मर्टाआजोबांना कम्प्युटर लावता येत नाही. कोण बघणार आहे?"

खरं सांगते, मी म्हटलं, "बंद कर."

पुढचे दिवस मी कशी वागले ते मला विचारू नका. आई निळ्या ड्रेसला बटण लावून घे म्हणायची, मी लावायचे. आई म्हणायची, मर्टाला एकदा बोलाव, मला त्याचे आभार मानायचेत. मी म्हणायचे, बघू. ब्रोनावर खेकसायचे, दूध उतू घालवायचे. किल्व्हाराच्या रस्त्यानं जायचंच सोडलं. दुकानदारीणबाई म्हणाली, "मर्टाला छान गप्प केलंस हं!" तर मला तिला कानफटवावंसं वाटलं. मर्टाचा बाप प्यायला की खरं बोलत होता. चार-पाच वर्षांच्या पीटरचा भाऊ मेला, आणि घरात एक अनोळखी तान्हं आणून म्हणाले, हा अँथनी. दारू न पिता ते पोर तरी काय करणार? आणि मी मर्टाला चारचौघांत खोटं पाडून त्याच्या बायकोच्या शेजारून उठवलं होतं. चोरीच्या जागेत आईला ठेवायचं? ती मातीखाली निवांत पडेल आणि मी वर? पण दुसरीकडे, आईला काय तोंडानं सांगू, की तुझे बाबा कोण होते ते कुणालाच ठाऊक नाही? मरणाऱ्या बाईचा बाप तिच्याकडून काढून घेऊ?

शेवटी एका सकाळी तो दुसरा कागद छापून घेतला आणि मर्टाकडे गेले. त्यानं चहाचं विचारलं नाही. मी बसलेही नाही. कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. वय, रेघ, आठ आणि सात. ताटाचंही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं कळत नाही.

त्यानं कागद कितीतरी वेळ बघितला. त्याचा अंगठा त्या रेघेवरून पुढेमागे फिरत होता.

"म्हणजे मी खरं बोलत होतो," तो म्हणाला. "आणि तू भर दुकानात मला खोटं पाडलंस."

"हो."

"मी घरी येऊन कार्मेलच्या फोटोची माफी मागितली. ठाऊक आहे? म्हटलं, बाई, तुला एकटीला पडावं लागणार. आणि तुझा तो कागद कुठल्या दुसऱ्याच पोराचा!"

"मला तेव्हा ठाऊक नव्हतं, मर्टामामा."

"आता कधीपासून ठाऊक आहे?"

मी टेबलावरच्या कागदाकडे बघत राहिले. त्याला तेवढं पुरलं. "घरी जा, अट्रॅक्टा," तो म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

घरी आले. आईनं विचारलं, "कुठे गेली होतीस?" म्हटलं, अंडी आणायला. "मग अंडी कुठायत?" म्हणाली. या बाईचं शरीर संपलं, पण चौकशी संपली नाही. मी ठरवलं की रविवार उलटला की तिला सांगायचं. बापाचं नाही, निदान जागेचं. मर्टानं विचार बदलला म्हणून सांगायचं. म्हणजे पुन्हा त्याच्याच माथी. त्या विचारानंही मला माझी शिसारी आली.

रविवारी प्रार्थनेनंतर दारात मर्टा. अंगात कोट, गळ्यात टाय, जो त्यानं कार्मेलच्या मयताला बांधला होता. माझ्याकडे न बघता आत आला आणि आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला. मी दारातच उभी राहिले. कोटाच्या खिशातून त्या कागदाचा कोपरा दिसत होता.

"आलास का, मर्टा?" आई म्हणाली. "तुझे उपकार झाले बघ. तुझी जागा मला दिलीस."

मर्टानं घसा खाकरला. मी मनात म्हटलं, देवा, आता हा कागद काढणार.

"डिलिया," तो म्हणाला, "ते तुझ्या बाबांच्या ताटाचं काय आहे? मी नीट ऐकलेलं नाही कधी."

आईला तेवढंच हवं होतं. तिनं सगळी गोष्ट सांगितली, नावं घेऊन, ऑनरचा आवाज काढून, बाबांचा आवाज काढून. धाप लागली तरी थांबली नाही. "दोन ताटं मिळणारा सगळ्या गावात एकटा!" म्हणून हसली. मर्टाही हसला. मान खाली घालून, पण हसला.

"माझा बाप सांगायचा," तो म्हणाला, "लहानपणी एकदा त्यानं त्या ताटातला बटाटा उचलला. आजीनं जन्मात त्याला एकदाच मारलं, ते त्या दिवशी. म्हणाली, सकाळी अँथनीच खाईल. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

"बघ!" आई म्हणाली. "सांगत होते ना मी? जीव होता तिचा."

"होता," मर्टा म्हणाला. "तू खुशाल जा तिथे. बापाशेजारची जागा मुलीची असते. माझी कसली?"

मी त्याला सोडायला बाहेर गेले. वारा असा होता की दार ओढून धरावं लागलं. त्यानं खिशातून कागद काढून माझ्या हातात कोंबला.

"हा तिला दाखवू नकोस. तिच्यानंतर हवं ते कर."

"मर्टामामा, पण तुम्ही म्हणत होतात..."

"राग आहेच. जायचा नाही इतक्यात." त्यानं टोपी दोन्ही हातांनी धरली. "रोज वाचतोय मी ते. आमचा आजोबा मायकेल फुलीपलीकडे अक्षर न येणारा माणूस, पण शिपायासमोर बसून तो 'मुलगा' म्हणाला. म्हणाला म्हणूनच शिपायानं आधी तसं लिहिलं ना? मग खोडलं. त्या शिपायानं एकदा खोडलं, अट्रॅक्टा. मी दुसऱ्यांदा खोडणार नाही."

मला रडू आलं. मी त्याचा हात धरला, तर त्यानं तो सोडवून घेतला. असले लाड त्याला कधी जमलेच नाहीत.

"आणि तुम्ही?" मी म्हटलं. "तुम्ही कुठे जाणार?"

तो फाटकापर्यंत गेला. तिथून मागे न बघता म्हणाला, "तू म्हणालीस ती डबी. केवढी असते?"

"कसली डबी?" मी विचारलं, आणि मग मला कळलं.

"कार्मेलच्या उशाशी मावेल ना?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं, साधारण एवढी. त्यानं वळून माझ्या हातांमधल्या जागेकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, बैलासारखा. पाहत राहिला.

"दुखत नसेल ना गं?" त्यानं विचारलं.

"काय बोलता, मर्टामामा! मेलेले असाल ना तेव्हा."

"ते खरं," तो म्हणाला. फाटकाची कडी नीट लावली आणि किल्व्हाराच्या रस्त्याला लागला, कार्मेलला सांगायला.